पैसा कुणाचा, ते आधी सांगा

वैजापूरच्या बसस्टँडसमोर आज दहा रुपयांत एक कटिंग चहा येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ मध्येही हाच आकडा आहे. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याला निवडून आणण्यासाठी कुणी सभा घेतली, पत्रक छापले, जाहिरात दिली किंवा दुसऱ्या कुठल्याही मार्गाने खर्च केला तर तो गुन्हा आहे. सवलत फक्त दहा रुपयांपर्यंतच्या खर्चाला, आणि तीही दहा दिवसांच्या आत उमेदवाराची लेखी मंजुरी आणली तरच. नाही आणली तर दहा हजारांपर्यंत दंड.

हे कलम मुळात १९२० सालचे. इंग्रजांनी दंड संहितेत निवडणूक गुन्ह्यांचे प्रकरण घातले तेव्हा ते १७१-एच म्हणून आले. त्या काळी दहा रुपये ही रक्कम होती. दंड पाचशेपर्यंत होता. पुढे १०३ वर्षांनी इंग्रजी राजवटीचे कायदे काढून टाकतो असे सांगत नवी संहिता आली, दंड पाचशेचा दहा हजार झाला, कलमाचा क्रमांक बदलला, आणि दहा रुपये जागच्या जागी राहिले. कुणाच्या लक्षात आले नाही असे मला वाटत नाही. लक्ष देण्याची कुणाला गरज वाटली नाही, कारण हे कलम मोठ्या माणसाला कधी लागतच नाही.

मला इथे लिहायचे आहे ते या मोठ्या माणसांबद्दल. म्हणजे उमेदवार नसलेले, पक्षही नसलेले, पण निवडणुकीत पैसा ओतणारे: अमुक मंच, तमुक विचारधारा, नागरिक समिती, 'जागरूक मतदार' नावाची पाने, निवडणूक लागली की उगवणारी आणि निकाल लागला की मिटणारी. अनुदानित शाळेत पगार घेणारा मी शिक्षक आहे. कुणाचा प्रचार मी करत नाही, इथेही करणार नाही. पण प्रचाराच्या पैशाचा मालक कोण हे विचारणे म्हणजे प्रचार नव्हे.

आधी कायद्याचा सांगाडा. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ७७ नुसार प्रत्येक उमेदवाराने आपण किंवा आपल्या निवडणूक प्रतिनिधीने 'केलेल्या किंवा अधिकृत केलेल्या' खर्चाचा वेगळा आणि खरा हिशेब ठेवायचा. निकालानंतर ३० दिवसांत तो सादर करायचा. वैजापूर विधानसभेच्या उमेदवाराला सध्या ४० लाखांची मर्यादा आहे, लोकसभेला ९५ लाखांची. हिशेब दिला नाही किंवा रीतीप्रमाणे दिला नाही तर कलम १०-अ खाली तीन वर्षे अपात्र.

ही मर्यादा पाळली जाते की नाही हे बघायला किती माणसे राबतात, ते निवडणूक ड्युटी केलेल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. जिल्ह्यात दरपत्रक ठरते: चहाचा दर काय, खुर्चीचा काय, मंडपाचा काय, गाडीचा काय. व्हिडिओ पथक सभेचे चित्रीकरण करते, दुसरे पथक ते चित्रीकरण बसून बघते आणि खुर्च्या मोजते. माझ्या ओळखीतल्या एका गुरुजींनी रात्री अकरापर्यंत अशा खुर्च्या मोजल्या आहेत. उमेदवाराच्या सभेतला वडापावसुद्धा सरकारी कागदावर चढतो.

आता त्याच मतदारसंघात, त्याच आठवड्यात, एका नाव नसलेल्या गटाने दहा लाखांच्या मोबाईल जाहिराती सोडल्या तर त्या कुठल्या कागदावर चढतात? कुठल्याच नाही. उमेदवार म्हणतो, मला माहीत नाही. पक्ष म्हणतो, आमचा संबंध नाही. पक्षाच्या स्वतःच्या खर्चालाही आपल्याकडे मर्यादा नाही, पण निदान विधानसभेनंतर ७५ दिवसांत आणि लोकसभेनंतर ९० दिवसांत त्याला निवडणूक आयोगाकडे विवरण द्यावे लागते. या तिसऱ्या माणसाला मर्यादा नाही आणि विवरणही नाही. त्याच्यासाठी कायद्याच्या पुस्तकात काय आहे, तर तो दहा रुपयांचा अपवाद आणि दहा हजारांचा दंड.

ही पोकळी आपोआप पडलेली नाही. १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सदर दिल्ली मतदारसंघाची निवडणूक रद्द केली. न्या. भगवती यांचे म्हणणे साधे होते. पक्ष किंवा समर्थक खर्च करत आहेत हे उमेदवाराला माहीत आहे, तो त्याचा फायदा घेतो, आणि त्याला नाकारत नाही, तर तो खर्च त्याचाच. नाही तर मर्यादेला अर्थ काय? कुठल्याही पानटपरीवर पटेल असे हे तर्कशास्त्र. पण त्याच महिन्यात केंद्राने वटहुकूम काढला आणि पाठोपाठ कायदा केला: पक्ष, कुठलीही संघटना, कुठलाही माणूस यांनी केलेला खर्च उमेदवाराचा धरला जाणार नाही. १९८५ मध्ये न्यायालयाने ही दुरुस्ती वैधही ठरवली. तीस वर्षे हे दार सताड उघडे होते. २००३ च्या दुरुस्तीने ते अर्धे लोटले आणि सूट पक्षाच्या ठरावीक नेत्यांच्या प्रवासखर्चापुरती उरली, ज्यांना आपण स्टार प्रचारक म्हणतो. पण दार लोटताना 'मग बाकीचे जे खर्च करतात त्यांनी नाव-गाव-हिशेब कुठे द्यायचा' हा प्रश्न संसदेने विचारलाच नाही. काँग्रेसच्या सरकारने दार उघडले, भाजपच्या सरकारने अर्धे लावले, आणि नोंदवही ठेवायचे दोघांनीही टाळले.

'अधिकृत केलेला' या एका शब्दाची किंमत किती, ते आपल्या मराठवाड्यानेच पाहिले आहे. २००९ च्या विधानसभेला नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण निवडून आले. वर्तमानपत्रांत त्यांच्या कौतुकाच्या पानेच्या पाने पुरवण्या निघाल्या होत्या, 'अशोक पर्व' नावाच्या. वेगवेगळ्या दैनिकांत मजकूर तोच. हिशेबात वर्तमानपत्री जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. पी. साईनाथ यांनी ते बाहेर काढले, पराभूत उमेदवार माधव किन्हाळकर आयोगाकडे गेले. पुढे साडेचार वर्षे वाद चालला तो आयोगाला हिशेबाचा खरेखोटेपणा तपासायचा अधिकार आहे का, यावर. ५ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, आहे. जुलैमध्ये आयोगाने हिशेब रीतीप्रमाणे नसल्याचे ठरवले. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. तोपर्यंत त्या विधानसभेची मुदत संपत आली होती आणि पुढची निवडणूक दारात होती.

चव्हाणांना न्यायालयाने जे दिले ते त्यांचे. माझा मुद्दा वेगळा आहे. पाच वर्षांनंतरही मतदाराला एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही: त्या पुरवण्यांचा कागद, शाई आणि छपाई कुणी भरली? उमेदवाराने नसेल भरली, ठीक. मग कुणीतरी भरलीच असेल, किंवा छापणाऱ्याने ते फुकट छापले असेल. दोन्हींतले काहीही असो, भोकरच्या मतदाराला ते मतदानाआधी कळायला हवे होते. आपला कायदा फक्त उमेदवाराला विचारतो, 'तू दिलेस का?' तो 'नाही' म्हणाला की पैसा देणाऱ्याकडे वळून 'मग तू कोण?' असे विचारणारे कलमच नाही.

त्याच २००९ मध्ये शेजारच्या बीडमधून लोकसभेवर गेलेले गोपीनाथ मुंडे २०१३ मध्ये मुंबईतल्या एका कार्यक्रमात बोलून गेले की आपल्या निवडणुकीला आठ कोटी लागले. तेव्हाची मर्यादा २५ लाख. आयोगाने नोटीस काढली, खुलासा झाला, विषय थंडावला. लोक हसले आणि म्हणाले, निदान खरे तरी बोलले. मला त्या हसण्याचाच राग येतो. खुर्च्या मोजणाऱ्या गुरुजींवरसुद्धा ते हसणेच होते.

पुरवणीचा जमाना आता मागे पडला. पैसा मोबाईलमध्ये गेला. २०२२ च्या मार्चमध्ये 'रिपोर्टर्स कलेक्टिव्ह' आणि 'ॲड-वॉच' यांच्या पत्रकार-संशोधकांनी फेब्रुवारी २०१९ ते नोव्हेंबर २०२० या काळातल्या फेसबुकच्या पाच लाखांहून अधिक राजकीय जाहिराती तपासून लिहिले. त्यात २३ असे जाहिरातदार सापडले ज्यांनी आपली खरी ओळख किंवा पक्षाशी नाते न सांगता सुमारे ५.८ कोटी रुपयांच्या जवळजवळ ३५ हजार जाहिराती दिल्या, बहुतेक भाजपच्या बाजूने किंवा विरोधकांच्या विरोधात. त्या सुमारे १३१ कोटी वेळा पाहिल्या गेल्या. खुद्द पक्षाच्या अधिकृत जाहिरातींची पाहणी होती सुमारे १३६ कोटी. म्हणजे पक्ष जेवढा दिसला, जवळपास तेवढीच त्याची सावली दिसली. आणि सावलीचा एक रुपयाही कुणाच्या निवडणूक हिशेबात येण्याची सोय नाही. उद्या दुसरा पक्ष सत्तेत आला तर तो अशी सावली पाळणार नाही, असे ज्याला वाटते त्याने १९७४ चा वटहुकूम पुन्हा वाचावा.

आता माझ्या विषयातले थोडे. मी मुलांना उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, आणि शब्द या भाषेतून त्या भाषेत कसे गेले हे सांगताना वर्ग जागा होतो. 'जाहिरात' हा शब्द 'जाहीर'वरून आला, आणि 'जाहीर' हा अरबी-फारसीतून आलेला शब्द: जे उघड आहे ते. उमेदवार भरतो ती 'अनामत' म्हणजे आपली 'अमानत'. 'हिशेब' म्हणजे 'हिसाब'. निवडणुकीच्या मराठीत हे तीन शब्द रोज वापरतात. पण आजच्या निवडणुकीतली जाहिरात अशी आहे की तिच्यात सगळे जाहीर असते, पैसे देणारा सोडून. २०२४ च्या नोव्हेंबरात, मतदानाच्या आदल्या आठवड्यात, माझ्या फोनवर अशी पाने रोज येत होती. एकावर दाबून 'पैसे कुणी दिले' ते पाहिले तर तिथे त्या पानाचेच नाव. पत्ता अर्धवट. फोन लावला, बंद. फेसबुक आणि गुगल यांनी २०१९ पासून भारतात राजकीय जाहिरातींची यादी खुली ठेवली आहे हे खरे, पण ती कंपनीची यादी आहे. तिच्यातले नाव खोटे असेल तर कुठला तहसीलदार कुणाला नोटीस काढणार?

याउलट कागदाला कायदा किती कडक आहे पाहा. कलम १२७-अ नुसार निवडणुकीचे पत्रक किंवा पोस्टर छापायचे तर त्यावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता हवा. प्रकाशकाने दोन ओळखीच्या माणसांच्या साक्षीने घोषणापत्र द्यायचे, मुद्रकाने प्रत जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवायची. मोडले तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि इथे पत्रकाची व्याख्या उमेदवाराच्या बाजूच्या आणि विरोधातल्या, दोन्ही मजकुराला लागू आहे. आमच्या गावातला छापखानेवाला निवडणुकीत शंभर पत्रके छापतानाही चार प्रश्न विचारतो, तो यामुळे. कलम १७६ चे शब्द मात्र 'उमेदवाराची निवड व्हावी म्हणून' केलेल्या खर्चापुरते आहेत. उमेदवार पडावा म्हणून केलेल्या खर्चाबद्दल तिथे शब्द नाही. आजच्या प्रचारात बदनामीवरचा पैसा कौतुकावरच्या पैशापेक्षा कमी नसतो, आणि हे कलम त्याच्याकडे पाहतच नाही.

या सगळ्याचा आपल्याशी, म्हणजे मराठी मुसलमानांशी, काय संबंध, असे विचारणारे भेटतात. फार जवळचा संबंध आहे. वैजापूर ज्या लोकसभा मतदारसंघात येते तिथे २०१९ मध्ये इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी निवडून आले. २०२४ मध्ये औरंगाबाद पूर्व विधानसभेत तेच २,१६१ मतांनी पडले. धुळ्याची लोकसभेची जागा त्याच वर्षी ३,८३१ मतांनी फिरली आणि तिथे मालेगाव मध्यच्या एकगठ्ठा मतदानाकडे बोट दाखवून 'व्होट जिहाद' हा शब्द विधानसभेच्या प्रचारभर वाजवला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मालेगावातल्या एका बँकेतल्या खात्यांत कोट्यवधी रुपये फिरल्याचे प्रकरण निघाले, ईडीने छापे टाकले, आणि तपास पुरा व्हायच्या आत त्या पैशाला राजकीय नेत्यांनी 'व्होट जिहादचा पैसा' असे नाव देऊन टाकले. मत देणाऱ्या बाईला तर तो पैसा माहीतही नव्हता. तिने मत दिले आणि तिच्या मतावर किमतीची चिठ्ठी दुसऱ्याने लावली.

अशा आरोपाला उत्तर काय? 'आमच्यात कुणी पैसे घेतले नाहीत' असे शपथेवर सांगायचे? कोण ऐकणार आहे? नोंदवही असती तर उत्तर एका ओळीचे होते: हे गट, हा पैसा, हे देणारे, वाचा. आणि तीच वही दुसऱ्या बाजूच्या मंचांसमोरही ठेवता आली असती. त्यांच्या दारोदार पत्रकांचे, व्हिडिओंचे, बसगाड्यांचे पैसे कुठून आले हे विचारता आले असते. आज दोन्हींकडे अंधार आहे, पण संशय एकाच मोहल्ल्यावर घेतला जातो.

आणि घरचेही बोलले पाहिजे. आपल्या मोहल्ल्यात निवडणूक आली की काय चालते? प्रत्येक अपक्ष 'बसवलेला' असतो, प्रत्येक छोटा पक्ष कुणाची तरी 'बी टीम' असतो. ज्याचा राग येतो त्याला आपण 'विकला गेला' म्हणतो. पुरावा कुणाकडेच नसतो, म्हणून आरोपही मरत नाही आणि निर्दोषही सुटत नाही. मग मतदानाच्या तीन-चार दिवस आधी कुठल्या तरी मंचाची, कुठल्या तरी बुजुर्गांची शिफारशींची यादी येते. अमुक मतदारसंघात अमुकला द्या. यादी काढण्याचा हक्क सगळ्यांना आहे. शेतकरी संघटना काढते, व्यापारी काढतात, मराठा समाजाच्या नावाने निघते, धनगर समाजाच्या नावाने निघते. आपण का काढू नये? पण हॉल कुणी बुक केला, बिर्याणी कुणी दिली, व्हिडिओ कुणी बनवून घेतला आणि तो शंभर ग्रुपवर पोचवायला माणसे कुणी बसवली, हे विचारले की लोक आपल्याकडे असे बघतात जणू आपण मशिदीत चप्पल घालून शिरलो. मी एकदा विचारले. मिळालेले उत्तर होते, "सर, खैर के काम में हिसाब नहीं पूछते."

असे कुणी सांगितले? कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, नमाज-रोजावर नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यावर आहे: लिहा, लिहिणारा न्यायाने लिहो, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, कंटाळू नका. रमजानात गल्लीतली मुले इफ्तारीचा चंदा गोळा करतात तेव्हा पावती पुस्तक ठेवतात. वक्फच्या मुतवल्लीला दरवर्षी बोर्डाकडे हिशेब द्यावा लागतो, आणि त्या बोर्डाचे मुख्य कार्यालय आपल्याच जिल्ह्यात पाणचक्कीला आहे. नमाजींच्या सतरंजीचा हिशेब द्यायचा आणि आमदार ठरवणाऱ्या पैशाचा द्यायचा नाही, ही उलटी रीत आपण कुठून आणली?

सरकारची रीत तर त्याहून उलटी. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशातून मदत घेणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला, ती कुठल्या तांड्यावर दवाखाना चालवत असली तरी, दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत ते खाते उघडावे लागते. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर नको. हरकत नाही, परदेशी पैशावर लक्ष हवेच. पण २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भाजप आणि काँग्रेस या दोघांनी वेदांत समूहाकडून परदेशी देणगी घेऊन कायदा मोडल्याचे म्हटले, तेव्हा काय झाले? २०१६ आणि २०१८ च्या वित्त कायद्यांतून व्याख्याच बदलली, तीही १९७६ पर्यंत मागे नेऊन. दवाखान्यासाठी नियम घट्ट झाला आणि पक्षांसाठी तोच नियम बेचाळीस वर्षे मागे जाऊन सैल झाला.

निवडणूक रोख्यांचे आपण सगळ्यांनी पाहिलेच. २०१८ ते जानेवारी २०२४ पर्यंत १६,५१८ कोटींचे रोखे विकले गेले. सरकारचे म्हणणे होते, देणगीदाराला सूडापासून जपायचे म्हणून नाव गुप्त. १५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींनी ती योजना घटनाबाह्य ठरवली. स्टेट बँकेने तपशील द्यायला ३० जूनपर्यंत, म्हणजे लोकसभा निवडणूक उरकेपर्यंत, मुदत मागितली. न्यायालयाने ती ११ मार्चला फेटाळली, आणि महिनाअखेरच्या आत कोणत्या कंपनीचा रोखा कोणत्या पक्षाला गेला ते जगाने वाचले. जी यादी जुळवायला महिने लागणार होते ती दहा दिवसांत जुळली. पण तो निकाल पक्षांच्या देणग्यांबद्दल होता. ज्या शेठजीला नाव द्यायचे नाही तो आता पक्षाला कशाला देईल? तो सरळ एखाद्या 'मंचा'ला देईल, जाहिरात कंपनीला देईल, पानवाल्याला देईल. एक दार न्यायालयाने लावले, या दुसऱ्या दारावर अजून कुणी गेलेलेच नाही.

आता एक आक्षेप, जो मला खरोखर अडवतो. एका मित्राने तो मांडला, पेशाने वकील. तो म्हणाला, "नावे जाहीर करा म्हणतोस, पण यादी निघाली की पहिली नोटीस कुणाच्या दुकानाला जाईल? पाच हजार देणाऱ्या बागवानाचे नाव उद्या व्हॉट्सॲपवर फिरेल, त्याच्याकडून माल घेऊ नका म्हणून." हे खोटे नाही. गेल्या काही वर्षांत नावे पाहून बहिष्काराची भाषा आपण ऐकली आहे. अमेरिकेत अलाबामा राज्याने काळ्या लोकांच्या एनएएसीपी या संघटनेकडे सदस्यांची यादी मागितली होती, आणि १९५८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती देण्यास भाग पाडता येणार नाही असे सांगितले, कारण यादी म्हणजे मारणाऱ्याच्या हातात पत्ता देणे होते. दुर्बलाचे गुपित आणि बलवंताचे गुपित एकसारखे नसते, हे मला मान्य आहे.

म्हणूनच माझी मागणी सगळ्यांची नावे द्या अशी नाही. पक्षांना आजही वीस हजारांवरच्या देणगीचीच नावे द्यावी लागतात. रोख्यांच्या निकालातही न्यायालयाने या वीस हजारांच्या रेषेकडे छोट्या देणगीदाराची खासगी बाजू सांभाळणारी म्हणून पाहिले आहे. तीच रेषा इथे आणा. पाच हजारवाला बागवान सुटला. पन्नास हजारांच्या आत खर्च करणारी गल्लीतली समिती, कॉलेजची पोरे, बचत गटाच्या बाया यांना पूर्ण मोकळे सोडा आणि दहा रुपयांचे ते कलम काढून टाका. इंग्लंडात अशीच पाच पौंडांची मर्यादा होती. एका बाईने पत्रके वाटली म्हणून तिच्यावर खटला झाला, आणि १९९८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ती मर्यादा तिच्या अभिव्यक्तीवर घाला घालणारी ठरवली. आपला आकडा त्याहून हास्यास्पद आहे. कॅनडात निवडणुकीच्या काळात पाचशे डॉलर खर्च झाला की त्रयस्थ गटाला नोंदणी करावी लागते, आणि तिथे लोकशाही बुडालेली नाही.

पन्नास हजारांच्या वर खर्च गेला की मात्र मुंबईत मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे नोंदणी, एकच बँक खाते, वीस हजारांवरच्या देणगीदारांची नावे, आणि दर आठवड्याचा खर्च मतदानाच्या आधी संकेतस्थळावर. ७५ दिवसांनी नको, आधी. जाहिरात कौतुकाची असो की बदनामीची, नियम एकच. आणि देणारी दुसरी संस्था असेल तर तिला कुणी दिले तेही. ही शेवटची अट विसरून चालणार नाही. अमेरिकेत २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने अशा गटांच्या खर्चावरची बंधने उडवली, तरी नऊपैकी आठ न्यायमूर्तींनी नाव सांगण्याचा नियम कायम ठेवला होता. पळवाट निघाली ती संस्थेमागे संस्था उभी करून. तरीसुद्धा २०२४ मध्ये एलॉन मस्क यांनी तिथल्या निवडणुकीत २५ कोटी डॉलरपेक्षा जास्त ओतले, हे मला वैजापुरात बसून कळते, कारण तिथला नियम ते लिहायला लावतो. माझ्याच मतदारसंघातल्या पानांवर कुणी किती ओतले, ते मला कळत नाही.

'मग कांद्यावर बोलायचेही नाही का?' हाही प्रश्न येतो. २०२३ च्या डिसेंबरपासून मे २०२४ पर्यंत कांद्याची निर्यात बंद होती, आणि वैजापूरच्या बाजारात ट्रॅक्टर लावून उभ्या शेतकऱ्याला त्यावर बोलायला कुणाची परवानगी लागता कामा नये. जुन्या पेन्शनवर आम्ही शिक्षक बोलतो. बोलावे, मोर्चे काढावेत, वर्षभर. माझे म्हणणे फक्त निवडणूक जाहीर झाल्यापासून मतदानापर्यंत, उमेदवाराचे किंवा पक्षाचे नाव घेऊन, पैसे मोजून केलेल्या प्रचारापुरते आहे. तिथेही बंदी नको, नाव हवे.

आयोग म्हणेल, कायदा संसदेने करायचा. खरे आहे. पण काही गोष्टींना कायदा लागत नाही. आयोगाच्या सूचनेनुसार समाजमाध्यमांवरच्या राजकीय जाहिराती २०१३ पासून जिल्हा किंवा राज्य समितीकडून प्रमाणित करून घ्याव्या लागतात. त्या अर्जात पैसे देणाऱ्याचे नाव विचारून ते लोकांना दिसेल असे ठेवायला कुणी अडवले आहे? नगरपरिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे आहेत. सुरुवात तिथून, एखाद्या प्रभागातूनही, करता येईल.

आणि आपल्याकडे तर कुणाच्याच आदेशाची वाट बघायला नको. जो मंच पुढच्या वेळी शिफारशींची यादी काढील, त्याने यादीच्याच मागच्या बाजूला हॉलचे भाडे, छपाईचे बिल आणि वीस हजारांवर देणाऱ्यांची नावे छापावीत. कागद तोच, खर्च फक्त दुसऱ्या बाजूच्या शाईचा. मागची बाजू कोरी असेल तर पुढची बाजू न वाचता परत द्या.